संध्याकाळचं गवत गोड असतं, मग गुरं चारलाच घरी का?

आर्वीकडचा गोपालक:
माझ्याकडे सहा गवळाऊ गायी आणि दोन गोऱ्हे आहेत. गावचा गायकी, म्हणजे सगळ्यांची गुरं राखणारा, सकाळी सातला आखरावर ढोरं गोळा करतो, बरडावर म्हणजे माळावर नेतो आणि चारच्या सुमारास परत आणतो. पिढ्यान् पिढ्या हेच चालू आहे. माझं म्हणणं असं, की गवत ज्या वेळी सगळ्यात हलकं असतं त्या वेळी आपण जनावर सोडतो, आणि गवत भरायला लागलं की त्याला दावणीला बांधतो.

कारण सांगतो. पान दिवसभर उन्हात साखर तयार करतं. तयार होते तेवढी सगळी लगेच वाढीला लागत नाही, त्यामुळे ती पानात साचत जाते. ऊन कलल्यापासून सूर्य बुडेपर्यंत हा साठा सगळ्यात जास्त असतो. रात्री ऊन नसतं, पण गवत तर जगत असतं. ते श्वास घेतं, मुळांना आणि नव्या फुटव्यांना साखर धाडतं. उजाडेपर्यंत पान बरंचसं रितं झालेलं असतं, वरून दव. म्हणजे सकाळच्या घासात पाणी जास्त आणि ताकद कमी. त्याच ठोंबाचा संध्याकाळचा घास घ्या, कोरडा अंश जास्त आणि साखरेचा वाटाही जास्त.

श्रावण-भादव्यात तर हे फारच महत्त्वाचं. कोवळ्या गवतात प्रथिनं असतात, पण कोठीपोटातल्या, म्हणजे गाय आधी चारा साठवते त्या मोठ्या पोटातल्या, जीवाणूंना ती वापरायला साखर लागते. ती कमी पडली की प्रथिनांचा अमोनिया होतो आणि त्यातला बराच लघवीवाटे निघून जातो. गाय दिवसभर हिरवं खाते, तरी अंगाला लागत नाही, असं आपण म्हणतो ना, त्याचं एक कारण हेही आहे.

अमेरिकेत मेलँड, फिशर आणि बर्न्स या शास्त्रज्ञांनी याची सरळ परीक्षा घेतली. फेस्क्यू नावाचं गवत एकदा सूर्यास्ताला कापलं आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला. दोन्ही वाळवून गायी, मेंढ्या आणि शेळ्यांपुढे ठेवलं. तिघांनीही संध्याकाळच्या कापणीचं गवत पसंत केलं. हे 1999 साली छापून आलं. जनावराला कोणी शिकवलं नव्हतं, जिभेनंच निवडलं. मोकळं सोडलेलं जनावरही दिवसातलं सगळ्यात जोराचं चरणं दिवस मावळायच्या आधी करतं, हे आपल्यापैकी कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो.

मग सकाळची ही वेळ आली कुठून? माझ्या मते ती बैलांच्या कामातून आली. माझे आजोबा पसर चारायचे, अंधारातच बैल घेऊन निघायचे, कारण उजाडल्यावर बैल जुवाखाली जायचे. ती वेळ गवतासाठी नव्हती, वखरासाठी होती. आता माझी वखरणी ट्रॅक्टरनं होते. तरी ढोरं सातलाच सुटतात. पावसाळ्यात तरी दहाला सोडून सूर्य बुडता आणावीत, असं माझं ठाम मत आहे.

राळेगावचा शेतकरी:
भाऊ, गवताचं तुम्ही बरोबरच सांगून राहिले असाल. पण सूर्य बुडता जंगलकाठी ढोरं ठेवायची म्हणजे काय, हे आमच्या तालुक्याले विचारा. टी-1 वाघिणीवर 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. 2 नोव्हेंबर 2018 ले ती मारली गेली, तोवर आमचा बाप चार वाजले की रस्त्यावर येऊन उभा राहायचा, गायकी दिसेपर्यंत घरात जायचा नाही. वाघाची चालायची वेळ अन् तुमच्या गवताची गोड वेळ एकच आहे. मागच्या पावसाळ्यात माझी गाभण कालवड गेली. साडेपाच वाजले होते, उजेड होता. साखर गवतात किती वाढते ते मले ठाऊक नाही, कालवड गेली की काय जाते ते ठाऊक आहे.

आर्वीकडचा गोपालक:
दादा, कालवडीचं वाचून वाईट वाटलं. बोरचं जंगल आमच्याही जवळ आहे, वाघ आम्हालाही परका नाही. जंगलाला लागून चराई असेल तिथं माझं म्हणणं मी मागे घेतो. पण वऱ्हाडात किती गावांची ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी गायरान, शेतांच्या मधोमध आहे! तिथंही चारलाच परत आणतात. तिथं वाघाचं कारण नाही, सवयीचं आहे.

नागपूरला पशुवैद्यकाचा विद्यार्थी:
काका, तत्त्व बरोबर आहे, पण फेस्क्यूचा दाखला इथं जसाच्या तसा लावू नका. ते थंड हवेचं गवत. तशी गवतं फ्रुक्टॅन नावाची साखर साठवतात आणि पुष्कळ साठवत जातात. आपलं मारवेल, पवना, कुसळी ही उष्ण प्रदेशाची. ती पानात मुख्यतः स्टार्च साठवतात आणि त्या साठ्याला लवकर मर्यादा येते. सकाळ-संध्याकाळचा फरक इथंही पडतो, पण तेवढा मोठा धरू नये. शिवाय झडीत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा साखर बनणार कशी? त्या दिवसांत चार वाजले काय आणि सहा वाजले काय, सारखंच.

आणि दिवाळीनंतर काय? बरडावरचं गवत उभ्यानं वाळतं. मेलेलं पान साखर बनवत नाही. कुसळीला कुसळं आली की जनावर तिच्यापासून तोंड फिरवतं. पक्व वाळल्या गवतात प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. त्यामुळे तासापेक्षा महिना मोठा आहे. गवत फुलोऱ्यात असताना कापून ठेवण्यावर आपण बोलत नाही आणि घड्याळावर भांडतो, याची मला खंत वाटते.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूची. खत मारलेल्या चाऱ्यात नायट्रेट साचतं आणि ते पचवायला झाडाला ऊन लागतं. म्हणून सकाळी आणि ढगाळ दिवशी ते जास्त सापडतं. युरिया मारलेलं कडवळ (चाऱ्याची ज्वारी) उजाडता कापून भुकेल्या जनावरापुढे टाकू नका.

मूलकडचा कुरमार मेंढपाळ:
आम्ही मेंढरं दव उठल्याशिवाय सोडत नाही. ओल्या गवतावर जंताच्या अळ्या चढतात, ऊन लागून पान सुकलं की त्या खाली बुडाशी उतरतात. हे मी वडिलांकडून शिकलो, नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं. म्हणजे सकाळी सातला आमचाही विरोध. पण संध्याकाळी ओल परत येते, तेव्हा सूर्य बुडेपर्यंत थांबणं मेंढरांना नको. अन् गवत बुडापर्यंत कुरतडलेलं असेल तर कोणतीही वेळ वाईटच, अळ्या तिथंच असतात.

गायकीचा मुलगा:
सगळे लिहीत आहेत, गायकीला कोणी विचारलं नाही. माझे वडील तीस वर्षं गावची ढोरं चारतात. त्यांचं ऐका. बाराला ढोरं नाल्यावर पाणी पितात आणि झाडाखाली बसतात, तीनपर्यंत उठत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात तर काठी मारली तरी उठत नाहीत. म्हणजे दहाला सोडलीत तर पहिली चराई दोनच तासांची. सातला सोडली की थंड हवेचे चार-पाच तास मिळतात. पान रितं असलं तरी पोट भरतं. संध्याकाळचा घास जड असेल, पण सकाळचे दोनशे घास घालवून संध्याकाळचे शंभर कमावले तर गायीला काय मिळालं? आणि सात ते साडेसहा ठेवायची असतील, तर ते अडीच तास माझ्या वडिलांच्या अंगावरचे आहेत. जनावरामागे महिन्याचा जो पैसा देता तो वाढवायला गाव तयार आहे का, हे आधी सांगा.

आर्वीकडचा गोपालक:
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, भाऊ. दहाला सोडायचं मी चुकीचं म्हटलं. सकाळची चराई राहू द्या, संध्याकाळचे तास वाढवा, आणि त्याचे पैसे द्यायलाच हवेत. आमच्या गावात हा विषय मी स्वतः काढीन.

वरूडची दूध उत्पादक:
आणि दूध कोण काढणार? आमच्या दूध केंद्राचा काटा साडेसहाला बंद होतो. गाय साडेसहाला आखरावर आली तर धार सातला, ते दूध घरातच राहिलं. पुरुष मंडळी चराईची वेळ ठरवतात, पण धार, शेण, चूल हे तिन्ही संध्याकाळीच असतं आणि ते आमच्याकडे असतं. वेळ बदलायची तर हेही मोजा.

मी वेगळं केलं. माझ्या दोन म्हशी बांधूनच असतात. आधी मी नेपियर गवत सकाळी कापत होते, दवानं लुगडं ओलं व्हायचं, ओला भारा डोक्यावर जड. सकाळीच का कापायचं, याला काही कारणच नव्हतं, सासूबाई कापत म्हणून मी कापत होते. यंदा दुपारी चारनंतर कापते, कुट्टी करून निम्मी लगेच टाकते, निम्मी पहाटे. दूध वाढलं असं मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही. गव्हाणीत उष्टं मात्र आधीपेक्षा कमी राहतं. भाराही हलका येतो.

नागपूरला पशुवैद्यकाचा विद्यार्थी:
ताई, हा उपाय मला सगळ्यात पटला. एकच सांगतो, पहाटेसाठी ठेवलेली कुट्टी ढीग करून ठेवू नका. कापलेलं पानही श्वास घेत राहतं, ढिगात तापतं आणि साखर जळते. पसरून ठेवा.

आर्वीकडचा गोपालक:
मग मी पोळ्यापासून असं करतो. सगळी गुरं गायकीबरोबर नेहमीसारखी जातील. दुभत्या दोन तेवढ्या परत आल्यावर धार काढून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोरानं बांधतो, अंधार पडेपर्यंत. धुऱ्यावर हरळी आणि मारवेल चांगलं आहे. दुधाचं माप रोज वहीत लिहीन, आकाश ढगाळ होतं की उघडं तेही लिहीन आणि दसऱ्याला इथं सांगेन.

राळेगावचा शेतकरी:
बांधा, पण धुऱ्याच्या दोन्ही अंगाले तूर आहे का ते पाहून घ्या. दसऱ्यापर्यंत तूर माणसाच्या वर जाते, त्यात वाघ बसला तर दहा हातावरून दिसत नाही. आमच्याकडे तूर कापणीले येते तोवर गवत वाळलेलं असते. म्हणून आमच्या गायीच्या नशिबी तो गोड घास नाही. मी तर चारलाच आणीन.