आला तसा पुढे पाठवला

(सोसायटीचा ग्रुप, रविवार रात्र)

देशमुख, सेक्रेटरी: दुपारी ग्रुपवर आलेली ‘मुलं पळवणाऱ्या टोळी’ची ऑडिओ क्लिप मी काढून टाकली आहे. कृपया पुन्हा टाकू नये.

नितीन, बी-५०३: साहेब, क्लिप मी टाकली होती. काढण्याआधी एक फोन तरी करायचा. लोकांना सावध करणं हा गुन्हा झाला का आता? मी पदरचं काही घातलं नाही, आली तशी पुढे पाठवली.

मानसी, ए-२०१: नितीनदादा, क्लिप तीन-सव्वातीनला आली. चार वाजता सुया-पोत विकणाऱ्या दोन बायकांना वॉचमनने केबिनमध्ये बसवून बाहेरून कडी लावली होती. वीस-पंचवीस माणसं जमली, अर्धे मोबाइल वर करून उभे. त्यातल्या एक मावशी पाच वर्षं आपल्याकडे येतायत. मी ओळख दिली म्हणून कडी निघाली. मी घरी नसते तर?

नितीन: कडी मी लावली नव्हती.

सुवर्णाकाकू, सी-३०४: मी सहसा इथे लिहीत नाही. माझं माहेर पिंपळनेर, साक्री तालुका. राईनपाडा तिथलंच. १ जुलै २०१८, असाच रविवार, आठवडे बाजाराचा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारे आलेत ही आवई आधीपासून मोबाइलवर फिरत होतीच. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं. त्याच दिवशी मालेगावातही एका कुटुंबाला जमावाने घेरलं, पोलिसांनी सोडवलं म्हणून ते वाचले. आज केबिनची कडी ऐकली आणि मला जेवण गेलं नाही.

रोहन, ए-६०२: त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून मूल उचलून नेतात तो. मुळात ती कराचीची जाहिरात, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढाच तुकडा कापला होता.

नितीन: वाईटच झालं ते, पण मारणारे हात वेगळे. एखाद्याने सिनेमा बघून खून केला तर दिग्दर्शकाला आत टाकणार का? भाषणस्वातंत्र्य घटनेत आहे ना, वकीलकाका?

वकीलकाका, सी-१०२: आहे, आणि सिनेमाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. १९८८ साली दूरदर्शनवरची ‘तमस’ मालिका दंगली भडकवेल म्हणून थांबवा, असा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात आला. न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि चालू ठेवली. सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर माणसावरचा. ज्याला जिथेतिथे धोका दिसतो, त्याच्या नजरेने नाही.

नितीन: मग झालं तर.

वकीलकाका: थांबा की. बघणाऱ्याला ठाऊक असतं की ही गोष्ट आहे. तुमची क्लिप ‘आज, आपल्याच भागात’ म्हणत होती. २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी अटक करता येणारं, ते रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असे बोलण्याचे तीन प्रकार सांगितले. पहिले दोन कितीही कडू असले तरी चालतात. तिसऱ्यापाशी कायदा आत येतो. नितीनराव, क्लिप शेवटपर्यंत ऐकली होतीत?

नितीन: चार मिनिटांची होती. अर्धी ऐकली.

वकीलकाका: मी पूर्ण ऐकली. शेवटचं वाक्य: “दिसले की आधी चोप द्या, पोलिसांना नंतर कळवा.”

रोहन: बाप रे.

देशमुख, सेक्रेटरी: काका, मला वेगळीच काळजी. काही बरंवाईट झालं असतं तर ॲडमिन म्हणून पोलीस आधी मलाच उचलणार ना?

वकीलकाका: नाही. गोंदियाच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय, सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला धरता येत नाही, दोघांचा आधीच संगनमताने बेत असल्याशिवाय. तुमच्या हातात फक्त माणूस घ्यायचा किंवा काढायचा.

देशमुख, सेक्रेटरी: हुश्श.

मानसी: म्हणजे ॲडमिन सुटला, वॉचमन म्हणणार साहेबांनी ग्रुपवर टाकलं, साहेब म्हणणार आली तशी पाठवली. आणि व्हॉट्सॲप कंपनी?

रोहन: कंपनीने राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत ‘पहिला पाठवणारा कोण ते सांगा’ असं आलं, तर कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तसं केलं तर कोणाचंच बोलणं खाजगी राहणार नाही, हेही खरं आहे.

वकीलकाका: पहिला सापडेल तेव्हा सापडेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये अफवा रचणारा आणि पसरवणारा, दोघे येतात. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका माजी आमदाराला, ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून सुटका नाही, असं बजावलं. तो माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथेही हात हलवत परत आला.

नितीन: पण माझा हेतू चांगला होता!

वकीलकाका: तो अपवाद कलमातच आहे. पण हेतूबरोबर खरं मानायला वाजवी कारणही लागतं. तुम्हाला कुठून आली?

नितीन: मेव्हण्याच्या ऑफिसच्या ग्रुपवरून.

मानसी: वा! वाजवी.

सुवर्णाकाकू: मानसी, टोचून बोलू नकोस ग. पण काका, पोलिसांच्या हाती एवढं देणंही मला धोक्याचं वाटतं. पालघरच्या दोन मुली आठवतात? २०१२. एकीने मुंबई बंदबद्दल लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं, दोघींना अटक.

वकीलकाका: म्हणून तर ६६-अ गेलं, सुवर्णाताई. नाराजीचा शब्द आणि ‘चोप द्या’ यांत फरक करता आला नाही, तर उद्या पाण्याच्या टँकरवरून कमिटीला शिव्या घालणाराही आत जाईल.

देशमुख, सेक्रेटरी: टँकर उद्या सकाळी सातला येईल. विषयांतर नको.

मानसी: त्या मावशींची एक पिशवी केबिनमध्येच राहिलीय. सुया, पोत, दोन डझन कंगवे. कोणाकडे नंबर आहे का त्यांचा?

रोहन: पाच वर्षांत कोणी घेतलाच नाही.

नितीन: मेव्हण्याला फोन केला. क्लिप काढ म्हटलं. तो म्हणतो, मला आली तशीच मी पाठवली.