थंडीत सायकल चालवताना छातीचा पट्टा पहिली पंधरा मिनिटे भलतेच आकडे दाखवतो

धुऱ्यावरचा सायकलस्वार:

नमस्कार. मी अचलपूर तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. वय ४६. आठवड्यातून चार दिवस शाळेच्या आधी सायकल चालवतो आणि जमेल त्या रविवारी परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याचा घाट चढतो. एप्रिलमध्ये छातीला बांधण्याचा हार्ट रेट पट्टा (मिनिटाला हृदयाचे किती ठोके पडतात ते दाखवणारा) घेतला. पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत त्याने एकदाही तक्रारीला जागा दिली नाही. डिसेंबर लागला आणि त्याची तऱ्हा बदलली.

पहाटे साडेपाचला निघतो तेव्हा ओसरीतला तापमापक आठ-नऊ अंशांवर असतो. गावाचे शेवटचे घर मागे पडेपर्यंत पडद्यावर १८७, मग २०४ आणि एकदा तर २२१ असा आकडा आला. त्या वेळी मी इतक्या संथ चालीने जात होतो की शाळेतली प्रार्थना गुणगुणता येत होती. पुढे नाला ओलांडून संत्र्याचे बगीचे लागतात, तिथे केव्हातरी हा आकडा एकदम १२४ वर उतरतो आणि नंतर घरी येईपर्यंत शहाण्यासारखा वागतो. २२० वजा वय या ढोबळ हिशेबाने माझी कमाल हृदयगती १७४ च्या आसपास असायला हवी. घरच्यांनी धसका घेतल्यामुळे ईसीजी काढून आलो. तो नॉर्मल निघाला.

मनगटावरच्या घड्याळाचे दुखणे याच्या उलट आहे. घाटात धाप लागलेली असताना ते ७९ दाखवते किंवा नुसत्या आडव्या रेषा दाखवते.

वाटेत दोन्ही बाजूंच्या वावरांना रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून राखणीसाठी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी यंत्रे, लावलेल्या आहेत. त्यांच्या विजेचा हा परिणाम असेल का? की पट्टाच बिघडला? दुकानदाराने नवा पट्टा घेण्याचा सल्ला दिला, पण खर्च करण्यापूर्वी येथील जाणकारांना विचारावे असे वाटले.

कोरडवाहू:

झटका मशीनचा संशय आपल्याच वर्णनातून दूर होतो. परतताना आपण त्याच कुंपणांजवळून येता आणि तेव्हा आकडे बरोबर असतात. मशीन तीच, पट्टा तोच, मग बदलले काय? जाताना आपले अंग कोरडे होते आणि येताना ओले. उत्तर तिथेच शोधावे. तूर्त नवा पट्टा घेऊ नका.

मात्र एक पडताळणी करून ठेवा. आकडा चढलेला असताना सायकल थांबवून मानेवरची नाडी पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. पट्टा २०४ सांगत असताना नाडी सव्वीस भरली, तर खरी गती १०४ आहे आणि चूक यंत्राची आहे. नाडीही खरोखरच तितकी धावत असेल, तर विषय सायकलीचा राहत नाही आणि तो डॉक्टरांकडेच न्यावा लागतो. विश्रांतीत काढलेला ईसीजी त्या दहा सेकंदांपुरताच बोलतो.

लीड-दोन:

मी एका ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढण्याचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला दर हिवाळ्यात रोज भेटतो. फरक एवढाच की माझे रुग्ण सायकलवर नसून खाटेवर असतात.

छातीचा पट्टाही तत्त्वतः ईसीजीच आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर निर्माण होणारी विद्युतलहर त्वचेपर्यंत पोहोचते तेव्हा साधारण एक सहस्रांश व्होल्टइतकी क्षीण झालेली असते. पट्ट्याच्या आतील दोन रबरी किंवा कापडी इलेक्ट्रोड ती टिपतात आणि मधली डबी दोन उंचवट्यांमधील अंतरावरून गती काढते. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर कोरडा असेल तर तो विजेला फार मोठा अडथळा करतो. घामातील पाणी आणि मीठ तो अडथळा मोडते. जुलैत आपण दारात उभे असतानाच घामाने भिजलेले असता, म्हणून पट्ट्याला कधी अडचण आली नाही. डिसेंबरात आपल्याकडची हवाही कोरडी आणि अंगही कोरडे. घाम यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि आपला पट्टाही नेमका तेवढाच वेळ बिघडलेला असतो.

ही गोष्ट जुनीच आहे. डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ईसीजीचे यंत्र सिद्ध केले, तेव्हा माणसाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. त्या कामासाठी त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले. आज आम्ही भांड्याऐवजी जेल लावतो, पण काम तेच.

आता आपल्याला एक प्रश्न विचारतो, जो मी रुग्णांनाही विचारतो. रात्री झोपताना अंगाला काय लावता? हिवाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाची छाती खोबरेल तेलाने किंवा व्हॅसलिनने चकचकीत असते. तेल विजेचे वाहक नाही. त्यावर जेल चोपडले तरी ते घसरते आणि कागदावरची रेषा वरखाली पोहत राहते. मी आधी स्पिरिटच्या बोळ्याने तेल पुसतो, त्वचा कापसाने किंचित घासतो आणि मगच इलेक्ट्रोड लावतो. दुसरी अडचण थरथरण्याची. रुग्ण कुडकुडत असेल तर छातीच्या स्नायूंची वीज हृदयाच्या लहरींत मिसळते आणि सरळ रेषेची करवत होते. अशा वेळी आम्ही ब्लँकेट देऊन थोडे थांबतो. आपण अंगणातून थेट गार वाऱ्यात शिरत असाल, तर पहिल्या काही मिनिटांत हीच करवत आपल्या पट्ट्यालाही दिसत असणार आणि तो प्रत्येक दाता ठोका म्हणून मोजत असणार.

धुऱ्यावरचा सायकलस्वार:

आपला प्रश्न वाचून थोडा ओशाळलो. टाचा आणि कातडी उलते म्हणून रात्री खोबरेल तेल लावतो. ते बाटलीत गोठलेले असते, चुलीजवळ ठेवून पातळ करतो आणि हातापायांबरोबर छातीलाही चोळतो. पहाटे आंघोळ न करताच निघतो, कारण आंघोळ परतल्यावर असते. पट्टा त्याच तेलावर बांधत होतो.

पांदणवाट:

तेल सापडले हे उत्तम, पण कपड्यांकडेही पाहा. आपण काय घालून निघता ते लिहिलेले नाही. माझा अंदाज असा की आत पॉलिएस्टरची जर्सी आणि वरून बाजारात मिळते तसे सैल विंडचीटर.

हिवाळ्याच्या रात्री अंधारात स्वेटर काढताना चटचट आवाज होतो आणि ठिणग्या दिसतात. तेच काम विंडचीटर पट्ट्यावर फडफडताना करते. कोरड्या हवेत दोन कृत्रिम कापडे एकमेकांवर घासली की स्थिर वीज साठते. तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत जातो आणि वर सांगितलेली लहर आहे एक सहस्रांश व्होल्टची. अशा गोंगाटात पट्ट्याने ठोका ओळखावा तरी कसा? माझ्या नोंदीत सपाट रस्त्यावर सगळे ठीक असायचे आणि उतारावर, म्हणजे पाय पूर्ण थांबलेले असताना, १९० चे सुळके उभे राहायचे. वेग पस्तीसच्या वर गेला की सुरू, ब्रेक दाबले की बंद. कारण फडफड होती. विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत लावून कमरेला घट्ट पट्टा बांधला आणि सुळके गेले.

पट्ट्यावर अंगासरशी बसणारी सुती गंजीफ्रॉक घाला. कापूस ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे त्यावर वीज टिकत नाही. आपण कापूस पिकवणाऱ्या मुलखात राहून छातीवर प्लास्टिक बांधून फिरतो, ही आपलीच कमाल आहे. अर्थात सुती कापडाला स्वतःचा दोष आहेच. घाट चढताना ते घामाने चिंब होते आणि उतरताना बर्फासारखे लागते. म्हणून चिखलदऱ्याला पोहोचल्यावर चहा सांगण्याआधी ओली गंजीफ्रॉक बदलून कोरडी घालावी आणि विंडचीटरच्या आत छातीवर जुने वर्तमानपत्र सरकवावे. कागदाने वाराही अडतो आणि कापड पट्ट्यावर आपटतही नाही.

बटनसेल:

सेल कोणी तपासायला सांगितला नाही याचे आश्चर्य वाटते. पट्ट्यातल्या सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या सेलचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो आणि संपत आलेला सेल पहाटे मान टाकतो. माझ्याकडे तसे झाले आहे.

कोरडवाहू:

सेल बदलून पाहण्यात तोटा नाही, पण लक्षणे जुळत नाहीत. सेल दमला किंवा रेडिओचा संपर्क तुटला तर आकडा नाहीसा होतो, गोठून राहतो किंवा पडद्यावर रेषा येतात. तो २२१ होत नाही. आकडा उडी मारत असेल तर दोष त्वचा आणि कापड यांच्यामध्ये आहे. आकडा गायब होत असेल तर सेल पाहावा, किंवा फोन पाठीच्या खिशात आहे का ते पाहावे. ब्लूटूथ आणि अँट प्लस या पट्ट्याचा आकडा पडद्यापर्यंत नेणाऱ्या बिनतारी पद्धती दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि पाण्याने भरलेले शरीर त्या लहरी शोषून घेते. शिवाय पट्ट्याची डबी गंजीफ्रॉक आणि स्वेटरच्या आत अंगाच्या उबेत असते, आठ अंशांच्या हवेत नसते. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले होते, तशी एखादी पहाट आली तरी ओसरीत टांगून ठेवलेल्या डबीलाच ती बाधेल. म्हणून रात्री पट्टा घरात, उशाशी ठेवावा. आणि परतल्यावर डबी पट्ट्यापासून सुटी करावी. ओल्या पट्ट्याला जोडलेली डबी आपण अजून सायकलवरच आहोत असे समजून सेल खात बसते.

मनगटाच्या घड्याळाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून तेही लिहितो. त्याचा ईसीजीशी संबंध नाही. ते त्वचेत हिरवा प्रकाश सोडते. रक्त तो शोषते, आणि प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होते तसा परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. थंडीत शरीर आतली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आवळते, म्हणजे घड्याळाला मोजायला फारसे काही उरतच नाही. वर हँडल घट्ट धरल्याने मनगट वाकते आणि आवळते, शिवाय खडीच्या रस्त्याचे हादरे बसतात. घड्याळ मनगटाच्या हाडापासून तीन-चार बोटे वर, हाताच्या मांसल भागावर, बाहीच्या आत आणि पुरेसे घट्ट बांधले तर सुधारणा होते, पण घाटासाठी मी त्यावर विसंबणार नाही. पट्टा नकोच असेल त्याने दंडावर बांधण्याचा प्रकाशीय सेन्सर घ्यावा. दंड बाहीत उबदार राहतो आणि हँडलचे हादरे तिथवर कमी पोहोचतात.

धुऱ्यावरचा सायकलस्वार:

सर्वांचे आभार. गेल्या सहा पहाटांचा अनुभव सांगतो.

पहिल्या दिवशी फक्त छाती साबणाने धुतली आणि पट्टा माठातल्या पाण्याने भिजवला. निघताना ९६ असा अगदी खरा वाटणारा आकडा आला, पण पाटाच्या पुलापर्यंत पाणी वाळले आणि १९८ उगवला. दुसऱ्या दिवशी पाण्यात चिमूटभर मीठ घातले. थोडा वेळ अधिक टिकले, पण पुरले नाही. तिसऱ्या दिवशी परतवाड्याच्या औषध दुकानातून ईसीजीचे जेल आणले. तीळभर नव्हे, दोन्ही इलेक्ट्रोडवर बोटभर लांब पट्टी लावली, पट्टा एक छिद्र घट्ट केला आणि घरातच वीस बैठका मारून मग सायकल बाहेर काढली. आकडा ८८ वरून शंभरावर आणि तिथून ११५ वर पायरी-पायरीने चढत गेला. जेल वाळायच्या आत घाम आला. नाल्यावर थांबून नाडी मोजली, अठ्ठावीस भरली. पडद्यावर ११३ होते.

चौथ्या दिवशी मुद्दाम जुने सैल विंडचीटर घातले. पांदणवाट यांचे निदान उतारावर तंतोतंत खरे ठरले. आता सुती गंजीफ्रॉक आणि कमरेला उपरणे असा वेश आहे. पोरे हसतात.

एक शंका उरते. मे महिन्यात याच रस्त्यावर याच वेगाने १४० पर्यंत जाणारी हृदयगती आता सव्वाशेवरही जात नाही. जेलमुळे पट्टा काही ठोके गाळत तर नसेल ना?

लीड-दोन:

गाळत नाही. आपण नाडीशी ताळा करून पाहिलाच आहे. मे महिन्यात हृदयाला दोन कामे असतात. पायांच्या स्नायूंना रक्त पुरवायचे आणि अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेलाही पुरवायचे. त्यात घामाने रक्तातील पाणी कमी होते, म्हणून तेवढ्याच कष्टाला ठोके जास्त पडतात. थंडीत दुसरे काम जवळपास संपते. त्यामुळे हृदयगतीचे उन्हाळ्यातले टप्पे हिवाळ्यात जसेच्या तसे लावून १४० गाठण्यासाठी जोर करू नका. श्वास आणि पाय काय सांगतात ते सोबत पाहा.

तेल सोडण्याची गरज नाही. छातीवर पट्ट्यापुरती चार बोटांची जागा बिनतेलाची ठेवा. आणि जेल लावलेला पट्टा परतल्यावर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर मिठाचा थर साचून फेब्रुवारीत हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.

बटनसेल:

ईसीजीचे जेल मिळाले नाही तर सोनोग्राफीचे चालते. मी तेच वापरतो. आणि हो, माझा सेल खरोखरच संपलेला होता.