ब्राउनलोवरून चॅम्पियन ठरत नाही

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये ब्राउनलो पदक (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकेल तोच खरा चॅम्पियन, असं काहीजण म्हणतात; मला ते पटत नाही. या पदकासाठी प्रत्येक सामन्यात पंच तिघा खेळाडूंना ३, २ आणि १ मतं देतात, तीही फक्त साखळी सामन्यांत. फायनल्स (साखळीनंतरचे बादफेरीचे सामने) त्यात धरतच नाहीत! ली मॅथ्यूजला ते कधीच मिळालं नाही, पण हॉथॉर्न क्लबसाठी ९१५ गोल आणि ४ विजेतेपदं आहेतच.

चॅम्पियन ठरवताना मी आधी खेळाडूचा कच्चा (कमी सरावाचा) पाय बघतो. उजव्या पायाच्या खेळाडूला बचावपटू मुद्दाम डावीकडे रेटतात. तिथे किक मारताना चेंडू हातातून उंचावरून सोडला की हवेत कलतो, बुटावर तिरका बसतो आणि गोलच्या ६ गुणांऐवजी १ हाती लागतो. एका हाताने खाली नेऊन उशिरा सोडायला हवा. चौथ्या क्वार्टरमध्ये, दमलेल्या पायांनी हे जमणारे फार थोडे. डस्टिन मार्टिन त्यातला होता. ग्रँड फायनलमधल्या (विजेतेपदाच्या सामन्यातल्या) सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक त्याला ३ वेळा मिळालं.