गंगेवर पायी पायी: तुमचे नाशिकचे अनुभव सांगा

माझं माहेर पंचवटीतलं. आमच्याकडे गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, "गंगेवर जाऊन येते" एवढं सांगितलं की झालं. बाहेरून येणारे लोक रिक्षा करून रामकुंड, काळाराम, सीतागुंफा दोन तासात उरकतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण रिक्षा मोठ्या रस्त्याने जाते आणि जुनं नाशिक सगळं बोळात आणि घाटाच्या पायऱ्यांवर आहे. म्हणून हा धागा, जे पायी फिरलेत त्यांनी लिहा. सुरुवात मी करते. पावसाळ्यात आजोबा हात धरून पूर बघायला न्यायचे, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, असा हिशोब. तिथून नारोशंकराच्या देवळाकडे, १७४७ चं देऊळ, आणि वसईच्या विजयाची ती मोठी घंटा दाखवून चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई कशी घेतली ते सांगायचे, दरवर्षी तेच, आणि मी दरवर्षी ऐकायचे. अजूनही जोराचा पाऊस झाला की भाऊ फोनवर "मारुतीच्या छातीला लागलं" एवढंच सांगतो आणि मला इकडे पुण्यात बसून सगळा घाट दिसतो.

* * *

मी फिरायला म्हणून गेलोच नव्हतो, वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो होतो. रामकुंडावर एका गुरुजींनी मूळ गाव आणि आडनाव विचारलं आणि म्हणाले तुमचं घराणं आमच्याकडे नाही, त्या अमक्या बोळात जा. शोधत शोधत गेलो, जुना वाडा, आत कापडात बांधलेल्या लांबलचक वह्या. पाऊण तासाने पान सापडलं. १९५२ साली आजोबा पणजीच्या अस्थी घेऊन आले होते, खाली त्यांची मोडीतली सही, आणि घरातल्या सगळ्यांच्या नावात शेवटी चि. लावून माझ्या वडिलांचं नाव, तेव्हा ते चार वर्षांचे होते. गुरुजींनी पेन पुढे केलं, पुढची नोंद मला करायची होती. मला बराच वेळ लिहिता आलं नाही, ते काही बोलले नाहीत, चहा सांगितला.

* * *

रंगपंचमीला या सगळ्यांनी! आमच्या जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, तिवंधा चौकात आहे, शनी चौकात आहे. वर्षभर लाकडं टाकून वर माती, त्यावरून गाड्या जातात, नवख्या माणसाला पत्ताच लागत नाही की खाली काय आहे. सण जवळ आला की खणून साफ करायची, रंग उकळायचा, पूजा, आणि मग धप्पा, म्हणजे रंगात धाडकन उडी! पहिला धप्पा मी सातवीत मारला, काकाने खांद्यावरून सोडलं होतं, नाकातोंडात रंग गेला आणि कानामागचा रंग पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

* * *

काळारामाला जाल तेव्हा आत जायच्या आधी बाहेरून चारही दरवाजे चालत बघा. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा या दरवाजांवर आमची माणसं बसली होती, दादासाहेब गायकवाड पुढे होते, पाचेक वर्षं चाललं आणि तरी दार उघडलं नाही. माझे पणजोबा त्यात होते असं आजी सांगायची. मी मुलीला घेऊन गेले, पूर्वेच्या दरवाजाशी उभं राहून तिला हे सांगितलं, तिने विचारलं मग पणजोबा आत कधी गेले? आजीने ते कधी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी पायरीवर बराच वेळ बसलो, काळ्या दगडाचं ते देऊळ फार सुंदर आहे, आणि मग आत न जाता गंगेवर गेलो.

* * *

बुधवारी जा, गंगेवर बाजार भरतो तेव्हा. आणि सकाळी लवकर, दगड तापायच्या आत. माझ्या आईचे गुडघे दुखतात तरी ती भांडीबाजारातून खाली घाटापर्यंत चालली, मधे चारदा बसली, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आतून पाणी आणून दिलं.