जकात म्हणजे ऐच्छिक दान नव्हे

एकांनी लिहिलंय की मुस्लिमांची जकात म्हणजे रमजानमधला ऐच्छिक दानधर्म. तसं नाही. कलमा (श्रद्धेची घोषणा), नमाज, रोजा आणि हज यांच्या जोडीनं ती इस्लामच्या 5 स्तंभांपैकी, म्हणजे मूलभूत कर्तव्यांपैकी, एक आहे. ऐच्छिक दान म्हणजे सदका, ते वेगळं.

पुण्यात कोंढव्याला आमच्या शेजारच्या चाची रमजान लागला की निळ्या पुठ्ठ्याची वही काढतात. बँकेतली शिल्लक, सोनं, कुणाला उसने दिलेले पैसे सगळं मांडायचं, देणं वजा करायचं. उरलेलं ठरावीक मर्यादेच्या वर असेल आणि त्याला चांद्रवर्ष पूर्ण झालं असेल, तर त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, द्यायचाच. राहतं घर यात धरत नाहीत. कुणाला द्यायचं तेही कुराणात सांगितलंय: गरीब, कर्जात बुडालेला, वाटसरू असे 8 प्रकार. आईवडिलांना किंवा मुलांना जकात चालत नाही, कारण त्यांना सांभाळणं हे कर्तव्यच आहे. गरजू भावाला मात्र चालते.

चाची म्हणतात, "हे माझं नव्हतंच, त्यांचा हक्क माझ्याकडे राहिला होता." हे मला फार भिडतं. जकातीच्या पाकिटावर त्या कधी स्वतःचं नाव घालत नाहीत.