वाइडकॉम्बला सैतान मोठा की खाणकामगार?

माळावरचा:
सप्टेंबरचा दुसरा मंगळवार साधून इंग्लंडात डेव्हनमधल्या डार्टमूर माळावरच्या वाइडकॉम्ब गावची जत्रा बघितली, गाव झकास, पण एक खटकलं. जो तो तीच गोष्ट सांगतो, जॅन रेनॉल्ड्स नावाचा जुगारी पत्ते घेऊन चर्चमध्ये झोपला आणि सैतानाने त्याला उचलला. अहो पण २१ ऑक्टोबर १६३८ ला तिथे भर प्रार्थनेत खरीखुरी वीज पडलीये! चार माणसं गेली, साठेक जखमी. आणि तो १२० फुटी टॉवर म्हणे कथिलाच्या पैशावर उभा राहिला, त्या खाणवाल्यांचं नाव कोण काढतंय? सगळं टुरिस्टांसाठी मांडलेलं दुकान.

सायली_एक्सेटर:
दुकान कसलं? जवळच्या पाउंड्सगेट गावच्या पबात सैतान थांबला, बिअर घशातून चर्र करत उतरली, त्याने दिलेल्या नाण्यांची मागून वाळकी पानं झाली, त्या जुगाऱ्याचे चार एक्के बर्च टॉर या खडकाळ टेकडीजवळ पडले आणि तिथल्या जुन्या बांधांचे आकार म्हणजे तेच एक्के... अशी गोष्ट लोकांनीच रचलेली असते. नाहीतर खेड्यातलं एक वादळ पावणेचारशे वर्षं कोणाच्या लक्षात राहिलं असतं? आपल्याकडे नाही का, लेणी दिसली की पांडवांनी एका रात्रीत कोरली.

गोदाकाठ:
तेच तर दुखणं आहे ना सायलीताई. नाशिकला दान देणाऱ्यांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत तरी लेणी पांडवांचीच! वाइडकॉम्बच्या चर्चमध्येही त्या वादळाची हकीकत पद्यात लिहिलेले फलक टांगलेत, ते कितीजण वाचतात?

माळावरचा:
+१. आणि चर्चच्या छताला आतून एकमेकांचे कान वाटून घेणारे तीन ससे कोरलेत, ती खाणवाल्यांची खूण. कोणी मान वर करून बघत नाही.

जुनाट:
थांबा थांबा. तेच तीन ससे चीनमध्ये दुनहुआंगच्या लेण्यांतही आहेत, तिथे डेव्हनचे कथीलवाले गेलेले का? ‘खाणवाल्यांचे ससे’ हेही ऐकीवच, पक्का पुरावा नाही. म्हणजे सैतान खोटा आणि ससे तेवढे खरे, असं कसं चालेल?

माळावरचा:
😀 हे माहीत नव्हतं. ससे मागे घेतो, वीज नाही घेणार.

सायली_एक्सेटर:
आणि ग्रिम्सपाउंड? कांस्ययुगातल्या २४ गोल घरांचे पाये, तिथून जवळच. ते बघितलंत का जत्रेतूनच परत?

माळावरचा:
जत्रेतूनच. पाऊस होता हो.