'रंगाने उजवी' : ही 'उजवी' आली कुठून?

तापीकाठ :
भाचीचा बायोडाटा टाइप करायला चोपड्यात एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. शिक्षण, उंची, रक्तगट झालं आणि 'वर्ण'पाशी टाइप करणारा मुलगा थांबला. म्हणाला, "ताई, निमगोरी टाकू? सगळे तेच टाकतात." भाची शेजारीच उभी होती. तिने मोबाइलमध्ये खुपसलेली मान दुकानातून निघेपर्यंत वर काढली नाही.

'निमगोरी' मला कळतं. विचारायचंय ते 'उजवी'बद्दल. आमच्या घरात "थोरली रंगाने उजवी" हे इतक्यांदा ऐकलं (धाकटी मी), की लहानपणी मला वाटायचं उजवी म्हणजेच गोरी. 'उजळ'चंच ते रूप आहे का?

व्युत्पत्तीवेडा :
नाही. 'उजळ' हा 'उज्ज्वल'चा. 'उजवा' हा संस्कृत ऋजु, प्राकृत उज्जु, जुन्या मराठीतला 'उजू' म्हणजे सरळ, ह्या घरातला. आणि मुलगी 'उजवणे' म्हणजे तिचं लग्न लावून देणे, ते तिसरंच. व्रत उजवतात त्यातलं, उद्यापनावरून आलेलं. व्रत एकदाचं पार पाडावं तशी मुलगी. कुळं तीन, पण स्थळाच्या बोलण्यात तिघांची सरमिसळ होते : उजळ ती उजवी, आणि उजवी असली की लवकर उजवते.

'निम' फारसी आहे, अर्धा. निमसरकारी, निमशहरी, तशी निमगोरी. आणि संस्कृतातला 'गौर' नुसता पांढरा नव्हे बरं, अमरकोश त्यात तांबूस आणि पिवळाही धरतो.

शेवभाजी :
'उजवी'तली खोच अशी की ती एकटीला लागतच नाही. सावळी मुलगी एकटीसुद्धा सावळी असते. उजवी ठरायला शेजारी दुसरी उभी करावी लागते. बहुतेक वेळा बहीण, नाहीतर जाऊ. 'डावी' तोंडावर कोणी म्हणत नाही, तशी गरजही पडत नाही.

माझ्या बस्त्याला दुकानदाराने मोरपंखी शालू माझ्या खांद्यावर टाकला. मामी म्हणाली, "हिला नाही उठणार हा. हिला लावून बघा." शालू माझ्या खांद्यावरून उचलला आणि चुलतबहिणीच्या खांद्यावर गेला. सगळे म्हणाले, वा! लग्न माझं होतं. मी अबोली घेतला. अजून मोरपंखी काही दिसलं की हात लावते आणि घडी परत ठेवते.

अमळनेरकर :
पण 'सावळा' हा तर श्यामलवरून आलेला गोड शब्द आहे. आपला विठोबा सावळाच की.

शेवभाजी :
विठोबाला बघून आल्यावर कोणी "चार दिवसांत कळवतो" म्हणत नाही, दादा.

आखाजी (धुळे) :
आमच्या अहिराणीत ळचा य होतो. डोळा तो डोया, काळा तो काया. शाळेत बाईंनी 'काया म्हणजे शरीर' सांगितलं तेव्हा मी चक्रावलेच होते. आजी माझ्याबद्दल म्हणायची, "पोर कायी शे, पन कामले वाघीन शे." तिच्या परीने ते कौतुकच होतं. मला मात्र 'पन'च्या अलीकडचं तेवढं ऐकू यायचं. वाघीण पुष्कळ उशिरा ऐकू आली.

गंमत म्हणजे त्याच ओट्यावर आजोबा जमिनीची बढाई मारायचे : बरड नाही, काळी भारी आहे, कपाशी बघा कशी येते! शेतीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणणारी आपली भाषा. तिथे भाव काळीला.

अमळनेरकर :
मागे घेतो. भर घालतो एक : १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं चाळायची सोय काढून टाकली. इकडे फोनवर अजून विचारतातच, "मुलगी दिसायला कशी आहे?" ह्या 'दिसायला'त नाकडोळे येत नाहीत, फक्त रंग येतो. हाही अर्थ कोशात घाला.

तापीकाठ :
हे सगळं थोरलीला वाचून दाखवलं. वाटलं हसेल. ती म्हणाली, "उजवी होऊन मला काय मिळालं गं? तू मळ्यात जायचीस, कैऱ्या पाडायचीस. मी रापेन म्हणून मला ओट्याखाली उतरू दिलं नाही कोणी." पन्नाशीला आली, पण सकाळी आठलासुद्धा दूध आणायला ती तोंडाला ओढणी गुंडाळून जाते, डिसेंबरातही. लेक आपल्यावर गेली नाही ह्याचं तिला किती वर्षं लागलं होतं, तेही तिने त्याच दिवशी सांगितलं.

भाचीने बायोडाट्यातली 'वर्ण'ची ओळच काढून टाकली आणि तसाच पाठवला. काल वधूवर मंडळातून फोन आला : "ताई, सगळं छान आहे, तेवढा वर्ण राहिलाय. निमगोरी टाकू ना?"